कलम पाचमधलं वाक्य

फोनमध्ये ‘लवाद वकील लातूर’ असं टाइप केलं आणि पहिलंच नाव आलं ते आमच्या वसतिगृहात रूम नंबर नऊमध्ये राहणाऱ्या तनुजाच्या वडिलांचं. काळ्या कोटातला फोटो, खाली ‘न्यायालयाबाहेर वाद मिटवून मिळतील’ अशी ओळ आणि लोकांनी दिलेले साडेचार तारे. मी फोन पालथा ठेवला. हे गृहस्थ मला दर महिन्याला भेटतात. मुलीला पाहायला येतात आणि जाताना जिन्यात थांबून म्हणतात, मॅडम, तिचं वजन कमी दिसतंय. आणि त्यांच्याच मुलीनं तो व्हिडिओ काढला होता. थोड्या वेळानं फोन पुन्हा उचलला. दुसरे वकील आमच्या यांच्या मावसभावाचे साडू निघाले. तिसरा नागसेन, माझी भागीदार रूपाली हिच्या भावाचा वर्गमित्र, आमच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला पेढे खाऊन गेलेला. लातूर फार मोठं झालं म्हणतात. बाहेरगावची पोरं शिकायला येऊन येऊन गल्लोगल्ली क्लास आणि खानावळी झाल्या, पण तोंड लपवायचं म्हटलं तर गाव अजून तेवढंच आहे. म्हणून मी लातूर खोडून नांदेड टाइप केलं.

आणि आता मी नांदेडच्या बसमध्ये खिडकीशी बसले आहे, मांडीवर प्लास्टिकची फाइल, फाइलीवर दोन्ही हात. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, दवाखान्यात चाललात का. मी हो म्हणाले. एकदा खोटं बोलायला लागलं की पुढचं फार सोपं जातं, हा अनुभव मला या तीन महिन्यांत पुष्कळ आला आहे. फाइलीत रूपालीच्या वकिलाची नोटीस आहे आणि तिला जोडलेला भागीदारी मोडण्याचा कच्चा लेख. ‘शलाका मुलींचे वसतिगृह’ आम्ही दोघींनी मिळून काढलं, त्याला आठ वर्षं झाली. बारा मुलींपासून सुरुवात केली, आज बावन्न आहेत. भागीदार क्रमांक एक मी, सुकन्या. भागीदार क्रमांक दोन रूपाली. तिला काहीच नको आहे. नाव तुम्हाला, खाटा तुम्हाला, भांडी तुम्हाला, असं तिनं स्वच्छ लिहून दिलं आहे. कारणाच्या जागी ‘मतभेद’ एवढा एकच शब्द. फक्त कलम पाचमध्ये तिनं एक वाक्य घातलं आहे आणि ते तसंच राहिलं पाहिजे, अशी तिची अट आहे. ‘वसतिगृहाच्या स्थापनेपासून आजपर्यंत स्वयंपाकघराचे संपूर्ण काम, प्रत्यक्ष स्वयंपाकासह, भागीदार क्रमांक दोन यांनी केले आहे.’ हे एवढं वाक्य काढून घ्यायला मी दीडशे किलोमीटर चालले आहे.

वाक्य खरं आहे. अडचण अशी की वसतिगृहाची इमारत माझ्या सासूबाईंच्या, गुरम्माआत्यांच्या नावावर आहे. जागामालक म्हणून त्यांची सही लागते, आणि लेखाच्या शेवटी छापल्यासारखी ती ओळ असते: वरील मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य आहे. आत्यांना मराठी वाचायला जड जातं, त्यांचं शिक्षण कानडीतलं. म्हणजे खरोखरच वाचून दाखवावा लागणार, आणि वाचणार कोण, तर मी, तेही थोरल्या दिरांसमोर, म्हणजे ओळ गाळायचीही सोय नाही. आत्या उदगीरला थोरल्या दिरांकडे असतात, आणि कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, याची त्यांची यादी माहेराहून आलेली आहे. ती यादी त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. बोलावं लागतच नव्हतं, कारण सुना आधीच सगळं जुळवून ठेवत होत्या. मी पाचव्या कलमावर आले की आत्या चष्मा काढतील आणि विचारतील, म्हणजे आट वर्सं? मग त्या इमारत परत मागतील का? कदाचित मागतील. कदाचित नुसत्या माझ्याकडे बघत बसतील, आणि मला वाटतं मी त्यालाच जास्त भिते आहे.

आमच्या यांना, संगमेश्वरना, यात वकील कशाला हेच कळेना. धान्याच्या मोंढ्यातल्या माणसाला वाद म्हणजे दोघांच्या मधे तिसरा बसवायचा एवढंच माहीत. काल जेवताना म्हणाले, “चन्नबसप्पाकाकाला बसवू मधी. लई दुकानं जुळवून दिली त्येंनी, घरंबी जुळवली.” मी म्हणाले, रूपाली आपल्या समाजाच्या काकांसमोर का येईल? तर म्हणाले, “न येयाला काय झालं? काका काय वाघ हाय का?” खरंच त्यांना काही कळत नाही, की सगळं कळून ते भाकरीचा तुकडा मोडत बसतात, हे वीस वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. मला आठवलं ते जुन्या भागीदारी लेखातलं कलम चौदा. वाद झाल्यास उभय भागीदारांस मान्य असा लवाद नेमून कोर्टाबाहेर मिटवावा. लेख टाइप करणाऱ्यानं ते आपल्या मनानं घातलं होतं. रूपाली तेव्हा हसून म्हणाली होती, “आपल्यात कशाला वाद होतो? असला तर मीठ कमी-जास्तचा.” तिचं हसणं मला बसमध्ये इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी मागे वळून पाहिलं.

अहमदपूरला बस थांबली. मी खाली उतरले नाही. स्टॅंडवर एक बाई डब्यातून मुरमुऱ्यांची सुशीला खात होती, वरून शेंगदाणे आणि लिंबू. परीक्षेच्या सकाळी रूपाली मुलींना सुशीला करायची. पाच वाजता स्वयंपाकघरात दिवा लागायचा, मुरमुरे भिजवून पिळायची, आणि कुणाला मिरची बाधते, कुणाच्या पोटात परीक्षेच्या नावानं गोळा येतो, हे सगळं तिला पाठ. मी तेव्हा ऑफिसच्या खोलीत पावत्या आणि हजेरी बघायची. आमची ओळख झाली तीच एका क्लासमध्ये. ती तिथं जीवशास्त्राच्या शंका सोडवायची आणि मी खिडकीत बसून मुलांचे प्रवेश नोंदवायची. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी आम्ही दोघी टॅंकरच्या रांगेत उभ्या राहायचो, तिची घागर पुढं गेली की ती माझी पण पुढं सरकवायची. वसतिगृह काढू, हे तिनंच त्या रांगेत काढलं. इमारत सासूबाईंची, हात तिचे, असं मीच तेव्हा म्हणाले होते. म्हणजे ते वाक्य पहिल्यांदा माझ्याच तोंडून आलं होतं. हे मला आत्ता, बस अहमदपूर सोडत असताना आठवतं आहे, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

आत्या वर्षातून दोनदा लातूरला यायच्या. त्या येणार म्हटलं की मी रूपालीला कामं काढायची. बँकेत जाऊन ये, गॅसवाल्याकडे जाऊन ये, नव्या मुलीच्या वडिलांना स्टॅंडवर घ्यायला जा. मी स्वतःला सांगायची की ही कामं खरीच आहेत. तशी ती खरीच असत, फक्त त्याच दिवशी करायची नसत. दोन-तीन वर्षांनी एकदा मी तिला काही सांगायच्या आधी तीच म्हणाली, “उद्या आत्या येनारेत ना? मग मी बँकेचं बघून घेते.” अगदी साध्या आवाजात. कोथिंबीर निवडत होती, मान वर केली नाही. त्या क्षणी मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, बरं होईल. त्यानंतर पाच वर्षं हे असंच चाललं, आणि आम्ही दोघी मैत्रिणी होतो, हेही तितकंच खरं आहे. माझ्या ऑपरेशनला दवाखान्यात ती झोपायची. हे दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात कसं मावलं, हे कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

मग या बसवजयंतीला सगळं बिनसलं. आत्यांच्या मनात आलं की मुलींना हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खाऊ घालायची, आणि त्या न कळवता सकाळीच येऊन उभ्या राहिल्या. मदतीच्या दोन्ही बायका गावी गेलेल्या. मी पोचले तेव्हा मोठ्या पातेल्यात गहू रटरटत होते आणि रूपाली पदर खोचून उलथण्यानं हलवत होती, घामेघूम. आत्या दारात खुर्चीवर. मुली आजूबाजूला नाचत होत्या, कारण परीक्षा संपली होती. तनुजा आईला दाखवायला म्हणून व्हिडिओ काढत होती. गूळ घातल्यावर रूपाली ताटं आणायला गच्चीत गेली, उलथणं मी घेतलं, आणि आत्यांनी हळूच विचारलं, “हिला आत घेतीस का गं रोज?” आवाजात राग नव्हता. विचारायचं म्हणून विचारल्यासारखं. आणि मी, चाळीस ओलांडलेली बाई, पदवीधर, पालकसभेत समानतेवर बोलणारी, मी म्हणाले, “न्हाई आत्या. आज मानसं न्हाईत म्हनून. एरवी ती बाहेरच ऱ्हाती.”

कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. आत्यांनी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नसतं. एखाद्या मुलीनं विचारलं मॅडम, चहा झाला का, आणि आपण हो म्हणावं, इतक्या सहज ते बाहेर पडलं. तनुजानं व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला. बावीस सेकंद. आधी रूपालीचे हात आणि बांगड्या, मग हुग्गीचे बुडबुडे, आणि बुडबुड्यांवर माझा आवाज. मी तो किती वेळा ऐकला असेल. खाली लाल बदाम आले, देगलूरच्या एका आईनं कृती विचारली. कुणीही काही बोललं नाही. रूपालीनं तो पाहिला तेव्हा ती गच्चीत ताटं पुसत होती, असं मुलींनी नंतर सांगितलं. तिनं सगळ्यांना वाढलं, स्वतः खाल्लं नाही, आणि संध्याकाळी मुदखेडला आईकडे गेली. मी दोन दिवस वाट पाहिली. मग एक मेसेज केला, किल्ल्या कुठं आहेत? किल्ल्या कुठं आहेत ते मला माहीत होतं.

नांदेडला वजिराबादेत कापडाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर पाटी होती: ॲड. दामिनी गायकवाड, लवाद व समेट. जिना चढताना मी त्या पाटीशी थांबले. गायकवाड. आमच्याकडे नाव वाचलं की डोळे आधी आडनावावर जातात, आणि हे आडनाव असं की दोन्हीकडे असतं. काल रात्रभर मी याच एका गोष्टीचा विचार केला होता. बाई कोणत्या गायकवाड? त्यावर मी त्यांना काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे अवलंबून होतं. आत गेल्यावर मी आधी भिंती पाहिल्या. एका भिंतीवर बँकेचं कॅलेंडर, दुसरीवर घड्याळ, कपाटावर पुस्तकं. कुणाचाच फोटो नाही. बाई पन्नाशीच्या, सुती साडी, केस आखूड. म्हणाल्या, “काय शोधून राहिल्या?” मी म्हणाले, घड्याळ. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं आणि बसा म्हणाल्या.

मी सगळं मांडलं. म्हणजे खाटा, भांडी, नाव, कलम चौदा असं सगळं. मग म्हणाले की तुम्ही आमच्या लवाद व्हा आणि माझी बाजू घ्या. बाई हसल्या नाहीत. “हे बघा, मी तुमची वकील झाले तर मला लवाद होता येत नाही. लवाद झाले तर मी तुमची राहत नाही. बाहेरच्या लोकांचा हाच घोटाळा होतो. त्यांना आपल्या बाजूचा पंच पाहिजे असतो.” मी मान हलवली, जणू मला हे ठाऊक होतं. त्यांनी नोटीस वाचली, लेख वाचला, परत वाचला. पंख्याचा आवाज येत होता. मला सारखं वाटत होतं की उठून जावं, आणि मी फाइलीचं बटन लावत होते आणि काढत होते.

“यात तुमच्या मैत्रिणीनं काहीच मागितलं नाही,” त्या म्हणाल्या. “मग वाद कुठाय? लवादाला आधी वाद लागतो.”

मी कलम पाचवर बोट ठेवलं. “हे वाक्य काढायचंय.”

“खोटं आहे?”

“तसं खोटं नाही.”

“मग खरं आहे?”

“तसं…”

“मॅडम, लवादापुढं तसं-बिसं चालत नाही. एक तर हे वाक्य खोटं आहे असं लिहून, सही करून द्या. तिचे वकील पुरावा मागतील, तुम्ही द्याल. नाहीतर हे राहू द्या.”

मी विचारलं, हे सगळं बाहेर जात नाही ना? त्या म्हणाल्या, लवादापुढचं खोलीतच राहतं, पण लवाद ऐकणार, तिचे वकील ऐकणार, आणि ती ऐकणार. ती ऐकणार, हे त्यांनी मुद्दाम शेवटी म्हटलं की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. पुरावा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बावीस सेकंद उभे राहिले, टेबलावर फोन ठेवलेला आणि भोवती चार माणसं हुग्गीचे बुडबुडे बघत बसलेली. मी विचारलं, कारण न देता काढता येत नाही का? नुसतं काढलं, एवढंच. बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “येतं. कारणं लिहायची नाहीत असं दोघींनी कबूल केलं तर लवाद कारणाशिवाय निवाडा देतो. पण दोघींनी. लावा फोन तिला.” मी म्हणाले, घरी जाऊन लावते. “इथंच लावा. मी गप्प बसते. तिला सांगा मी ऐकून राहिले म्हणून.”

तीन महिन्यांनी मी तो नंबर लावला. दुसऱ्याच रिंगला तिनं उचलला. “थांब, गॅस बारीक करते.” भांडं सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “बोल.” मी म्हणाले, वकीलबाईंसमोर आहे, आवाज मोठा ठेवलाय. आणि एका दमात सांगितलं. लवाद, कलम पाच, कारण नको, दोघींची संमती. मी थांबले. तिच्या आईचा, धुरपताबाईंचा खोकला ऐकू आला.

“सुकन्या, ते वाक्य मी आत्यासाठी न्हाई टाकलं,” ती म्हणाली. “आत्याला काय कळायचं ते कळू दे, न्हाईतर न कळू दे. माझ्यासाठी टाकलंय. कुठंतरी एका कागदावर असावं म्हनून. आट वर्सं मी काय केलं हे मलाच आता कळंना झालंय.”

“मला माहीत आहे ना तू काय केलंस.”

“तुलाच तर माहीत हाय. म्हनून सोपं करते. लवाद नको, काई नको. तू तोंडानं म्हन, रूपाली आत नव्हती. एवढंच म्हन. मी वाक्य काढते अन् सही करते. मला एकदा तुझ्याकडनं ऐकायचंय, मी ऐकतेय हे तुला माहीत असताना.”

वकीलबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, हे किती अन्यायाचं आहे, असं कुणाला धरून विचारतात का. मला तिचा राग आला, खरा राग, आणि तो राग आल्यावर बरं वाटलं. मग पहाटे पाचचा स्वयंपाकघरातला दिवा दिसला. मग पुढच्या आठवड्यात येणाऱ्या मुली दिसल्या, त्यांचे आई-वडील ट्रंका घेऊन जिन्यात, आणि खाली इमारतीच्या दारात आत्या, हातात चष्मा. रूम नऊ, रूम दहा, रूम अकरा. या सगळ्या मुलींना मी काय रस्त्यावर काढू? असं मी मनात मोठ्यानं म्हणाले, आणि मला कळलं की मी मुलींना पुढं करते आहे, त्यांच्यामागं लपते आहे, जशी आठ वर्षं बँकेच्या कामामागं लपले. हे कळलं. अगदी स्वच्छ कळलं. माणसाला कळलं की ते सुधारतं, असं आम्ही पालकसभेत सांगतो.

“नव्हतीस,” मी म्हणाले.

“नाव घेऊन म्हन.”

“रूपाली आत नव्हती.”

“बरं,” ती म्हणाली. मी वाट पाहिली की ती काही बोलेल, शिवी देईल, रडेल. मला ते हवं होतं. “कागद पाठव, सही करते. दूध ठेवलंय, उतू जाईल.” आणि फोन बंद झाला.

वकीलबाईंनी ड्रॉवरमधून पट्टी काढली. लेखाच्या कच्च्या प्रतीवर कलम पाचमधल्या त्या वाक्यावर त्यांनी पट्टी ठेवली आणि एक सरळ रेघ ओढली. रेघेखाली अक्षरं पूर्ण वाचता येत होती. म्हणाल्या, “झालं. वाद मिटला. लवाद नेमायचीच गरज नाही.” फी विचारली तर नको म्हणून मान हलवली, आणि कागद माझ्याकडे सरकवताना हात लागू नये इतक्या लांबून सरकवला. “खोडलेल्या ओळीशेजारी छोटी सही करा. दोघींची लागेल. नवीन टाइप करून घेतलं तरी चालेल, पण तिची सही होईपर्यंत हीच प्रत ठेवा.” मी सही केली. माझी सही आज चांगली आली.

उठून दारापर्यंत गेले आणि परत वळले. मी विचारलं, जागामालकांना लेख वाचून दाखवताना खोडलेली ओळ वाचावी लागते का? बाई म्हणाल्या, नाही. मी पुन्हा तेच विचारलं.